मोठी परदेशी कंपनी आली की क्लस्टर होतं का? पिनांग, श्रीपेरुंबुदूर आणि आपलं तळेगाव

प्रश्न थोडक्यात असा की वेदांत-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प तळेगावला येणार म्हणत होते तो गुजरातला गेला, पाठोपाठ अमेरिकेची चिप कंपनी मायक्रॉनही साणंदला, मग सबसिडी देऊन मोठी परदेशी कंपनी ओढून आणली की हाय-टेक क्लस्टर आपोआप तयार होतं का, सरकारचं त्यात नेमकं काम काय, आणि भोसरीत ४ व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं) असलेल्या माणसाने (म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यानेच) रांजणगावच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टरमध्ये प्लॉट घ्यावा का.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. सुरुवात टूलरूममधून (साचे, डाय, फिक्स्चर बनतात ती जागा), वायरकट मशीनवर रात्रपाळ्या केल्या, मग व्हेंडर डेव्हलपमेंटला गेलो, मधली ५ वर्षं मलेशियात पिनांगला एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या सोर्सिंगमध्ये काढली आणि परत पुणे. २८ वर्षं झाली. काम कायम एकच, मोठ्या कंपनीला लागणारा पार्ट आसपासच्या छोट्या शेडमधून करून घेणं. त्यामुळे पॉलिसीच्या फायली लिहिणाऱ्यांना जे वरून दिसतं ते मला खालून दिसतं, एवढं धरून चाला.

क्लस्टर म्हणजे काय हे मला पिनांगला एका शनिवारी दुपारी कळलं. टेस्ट हँडलरमधला (चिप उचलून टेस्टला लावणारं मशीन) एक छोटा पार्ट तुटला, लाइन उभी. मशीनवाल्यांचा स्पेअर यायला १० दिवस. मी पुण्याच्या सवयीने मेल लिहायला बसलो, एक्सपेडाइट वगैरे. तिथला मेंटेनन्सचा माणूस तुटलेला तुकडा रुमालात गुंडाळून स्कूटरवर बसला आणि ३-४ किलोमीटरवरच्या एका वर्कशॉपमध्ये गेला, त्या वर्कशॉपचा मालक पूर्वी आमच्यासारख्याच एका फॅक्टरीत टेक्निशियन होता, हाच हँडलर त्याने वर्षानुवर्षं हाताळलेला, ड्रॉइंग मागितलं नाही, उलट म्हणाला हा इथेच तुटतो, मी रेडियस वाढवून देतो. रात्री ९ ला लाइन चालू. मोठ्या कंपनीच्या पोटातून बाहेर पडलेला, मशीन आतून माहीत असलेला माणूस जवळच्या गल्लीत स्वतःचं दुकान टाकून बसलाय, क्लस्टर म्हणजे एवढंच. बाकी कमान, बोर्ड, चौपदरी रस्ता, एक्झिबिशनमधलं मॉडेल हे सगळं इंडस्ट्रियल इस्टेट.

आता पिनांगची गोष्ट जरा नीट सांगतो, कारण आपल्याकडे तिचं फक्त "टॅक्स हॉलिडे दिला, कंपन्या आल्या" एवढंच पोचलंय. हे बेट ब्रिटिश काळापासून मुक्त बंदर, व्यापारावर जगणारं. १९६९ मध्ये बंदराचा तो दर्जा गेला, बेकारी १५ टक्क्यांच्या आसपास, पोरं सिंगापूरला पळत होती. त्याच वर्षी डॉ. लिम चोंग यू मुख्यमंत्री झाले, मूळचे वैद्यकीय डॉक्टर, आणि १९९० पर्यंत राहिले. सलग २१ वर्षं एकच माणूस त्या खुर्चीत, हा मुद्दा सबसिडीपेक्षा मोठा आहे असं माझं मत. १९६९ मध्येच पिनांग डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन काढलं, साधारण आपल्या एमआयडीसीसारखं (आपली एमआयडीसी १९६२ ची, म्हणजे आपण त्यांच्या आधीचे), आणि १९७२ मध्ये बायान लेपासला मलेशियातला पहिला फ्री ट्रेड झोन. गंमत म्हणजे इन्कम टॅक्सची सवलत द्यायचा अधिकार राज्याला नव्हताच, तो क्वालालंपूरच्या, म्हणजे केंद्राच्या हातात. राज्याकडे होती जमीन, पाणी आणि विमानाचं तिकीट काढून कॅलिफोर्नियात कंपन्यांची दारं ठोठावायची तयारी. इंटेलने अमेरिकेबाहेरची आपली पहिली असेंब्ली फॅक्टरी १९७२ मध्ये तिथे टाकली, भातखाचरांच्या जागेवर. त्या सुरुवातीच्या काळात एएमडी, एचपी, नॅशनल सेमीकंडक्टर, लिट्रॉनिक्स, बॉश, हिताची, क्लॅरियन याही आल्या, इंटेल धरून या आठांना तिथे आजही "आठ सामुराई" म्हणतात. १९७५ मध्ये इंटेलची फॅक्टरी आगीत जळली, कंपनीला हात झटकून जाता आलं असतं, पण त्यांनी ती परत बांधली.

पण आठ कंपन्या म्हणजे अजून क्लस्टर नाहीच. पहिली काही वर्षं तिथे काय चालायचं, तर हजारो पोरी मायक्रोस्कोपला डोळा लावून चिपला बारीक तारा जोडतायत (वायर बाँडिंग), कच्चा माल विमानाने येतोय, तयार चिप विमानाने जातेय, झोनच्या कुंपणाबाहेरच्या गावाशी संबंध फक्त पगाराचा. बदल झाला तो जिग-फिक्स्चरमधून (काम करताना पार्ट जागेवर धरणारी साधनं). अमेरिकेतून फिक्स्चर मागवायचं तर पैसे आणि वेळ दोन्ही जास्त, म्हणून कंपन्यांमधले लोकल इंजिनीअर जवळच्या वर्कशॉपना काम द्यायला लागले, आधी साधे ट्रे, मग फिक्स्चर, मग अख्खी मशीनं. एंग नावाचं सत्तरच्या दशकातलं घरगुती वर्कशॉप, जिग-फिक्स्चर करता करता पुढे हार्ड डिस्कचे प्रिसिजन पार्ट करायला लागलं. मग दुसरी पिढी आली, ती थेट कंपन्यांमधून निघालेल्या इंजिनीअरांची. व्हिट्रॉक्स ही आज मशीन व्हिजन इन्स्पेक्शनची, म्हणजे कॅमेऱ्याने माल तपासणारी मशीनं जगभर विकणारी कंपनी, ती २००० मध्ये एचपीतून बाहेर पडलेल्यांनी काढली. म्हणजे एचपी आल्यापासून जवळपास ३० वर्षांनी! आपल्याकडे एमओयूचा फोटो निघाला की दोन वर्षांत "इकोसिस्टिम कुठाय" विचारतात.

सरकारने यात काय केलं? माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट १९८९ ची, पिनांग स्किल्स डेव्हलपमेंट सेंटर. जागा वगैरे राज्याने दिली, पण काय शिकवायचं हे कंपन्यांनी ठरवायचं, मशीनं आणि शिकवणारेही बरेचसे त्यांचेच, आणि एकमेकांच्या कट्टर स्पर्धक कंपन्या तिथे एका टेबलाला. मी तिथे एकदा आमच्या दोन व्हेंडरांची पोरं पाठवली होती. शेजारच्या बाकावर आमच्याच कॉम्पिटिटरचा टेक्निशियन, शिकवणारा तिसऱ्याच कंपनीचा, कुणाला काही वाटत नव्हतं. आपल्याकडे आयटीआयमध्ये अजून जुन्या लेथवर पोरं घासतात आणि तीन किलोमीटरवरच्या कंपनीत फाइव्ह-अ‍ॅक्सिस चालू असतं, दोघांची ओळख नाही.

पण आपल्याकडेही एक उदाहरण आहे ज्याबद्दल कुणी बोलत नाही, संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूलरूम (आयजीटीआर). जर्मनीच्या मदतीने उभं राहिलेलं, केंद्र सरकारचं, चिकलठाण्याला. तिथून निघालेली पोरं मी पुण्यात, चेन्नईत आणि खुद्द पिनांगलासुद्धा पाहिली, डाय डिझाइन म्हटलं की "आयजीटीआरचा आहे का" असं विचारायचो. आणि वाळूजला १९८५ च्या सुमारास बजाज आली तेव्हा तिच्याभोवती जे उभं राहिलं, एन्ड्युरन्ससारखी कंपनी तिथूनच निघाली, अ‍ॅल्युमिनियम डाय कास्टिंगपासून सुरुवात करून आज युरोपात तिचे प्लांट आहेत, ते क्लस्टरच. बजाज परदेशी नाही हे मान्य, पण यंत्रणा तीच, एक मोठा गिऱ्हाईक, त्याने दमदाटी करून का होईना सुधारलेले व्हेंडर, आणि शेजारी एक खरी टूलरूम.

पिनांगचं फार कौतुक झालं, दुसरी बाजूही ऐका. ५० वर्षांनंतरही तिथलं मुख्य काम असेंब्ली, पॅकेजिंग, टेस्टिंग हेच आहे. वेफर फॅब (मूळ चिप जिथे बनते ती फॅक्टरी) म्हणून मलेशिया सरकारने शेजारच्या कुलीमला सिल्टेरा उभी केली, ती वर्षानुवर्षं तोट्यात चालली आणि २०२१ मध्ये विकली. चांगला इंजिनीअर चार वर्षं शिकला की सिंगापूरला जातो, बसने सुद्धा जाता येतं, पगार कितीतरी जास्त. माझ्या टीममधले तीन गेले. तैवानने नेमकं इथे वेगळं केलं. त्यांनी १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीएकडून टेक्नॉलॉजी विकत घेतली, सरकारी संशोधन संस्थेतून (आयटीआरआय, स्थापना १९७३) इंजिनीअर अमेरिकेला शिकायला पाठवले, १९८० मध्ये सिन्चूचं सायन्स पार्क काढलं, आणि १९८७ ला टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी काढताना परदेशी पैसा घेतला तो फिलिप्सचा, साधारण २७.५ टक्के, सोबत पेटंट आणि टेक्नॉलॉजी, सरकारी फंडाचा हिस्सा मात्र त्याहून मोठा, अर्ध्याच्या जवळ. म्हणजे परदेशी गुंतवणूक दोन्हीकडे, पण एकाने कंपनीला जागा दिली आणि दुसऱ्याने कंपनीत जागा घेतली. आपण सिन्चूची भाषा बोलतो आणि योजना पिनांगची करतो, यात वाईट काही नाही, फक्त स्वतःला माहीत असावं.

आता श्रीपेरुंबुदूर. नोकियाने २००६ मध्ये चेन्नईजवळ फॅक्टरी सुरू केली, एसईझेड, सोबत फॉक्सकॉन, साल्कॉम्प, विंटेक, पर्लॉस असे सप्लायर त्याच कुंपणात. भरात असताना एकट्या नोकियात ८००० च्या आसपास लोक. कागदावर हे पिनांगपेक्षा भारी, सप्लायर पण सोबत आणले! पण ते सगळे सप्लायर बाहेरून आलेले आणि गिऱ्हाईक मुख्यतः एकच. पुढे टॅक्सचा वाद झाला, मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा घेतला त्यात हा प्लांट घेतलाच नाही, १ नोव्हेंबर २०१४ ला तो बंद, दोन महिन्यांच्या आत फॉक्सकॉनचंही काम थांबलं. पत्त्यांचा बंगला. तेव्हा मी तिथल्या एका प्लास्टिकवाल्याकडून सेकंडहँड मोल्डिंग मशीनं बघायला गेलो होतो, शेडमध्ये मशीनं रांगेत उभी, ऑइल गळतंय, आणि वॉचमन सोडून माणूस नाही.

पण काहीच उरलं नाही असंही म्हणता येत नाही, हे मला नंतर कळलं. लाइन चालवायची सवय असलेल्या बायका, सुपरवायझर, विमानतळावरून मोबाइल पटापट बाहेर काढणारी कस्टमची माणसं हे उरलं. साल्कॉम्पने पुढे नोकियाचीच ती बंद जागा घेतली, फॉक्सकॉन परत आलं, आज आयफोन तिथे बनतात. माणसं तयार होती म्हणून दुसरी संधी आली. उरले नाहीत ते लोकल मालक, कारण ते आधीपासूनच नव्हते.

आणि आपलं तळेगाव. जनरल मोटर्सने २००८ मध्ये प्लांट सुरू केला, २०१७ ला भारतात गाड्या विकणं बंद केलं, २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबलं. कामगारांचे हाल झाले, ते खरं आहे. पण व्हेंडर? माझ्या ओळखीतले जीएमला माल देणारे सहा-सात होते, एक बुडाला (त्याने फक्त त्यांच्यासाठी प्रेस लाइन टाकली होती), बाकीच्यांना खरचटलं आणि उभे राहिले, कारण त्यांचा माल चाकणला फोक्सवॅगनला, महिंद्राला, पिंपरीत टाटांना जात होता. म्हणजे कंपनी गेली तर काय उरतं ही परीक्षा घेतली तर पुण्याचं ऑटो पास होतं. आणि हे कुणा परदेशी कंपनीने केलेलं नाही, साठच्या दशकात पिंपरी-चिंचवडला टेल्को, बजाज आल्या, १९६६ मध्ये एआरएआय ही गाड्यांच्या टेस्टिंगची संस्था आली, टेल्कोत घासलेल्या लोकांनी भोसरीत गाळे घेतले, त्याच्यावर ४० वर्षांनी फोक्सवॅगनने २००९ मध्ये चाकणला प्लांट उघडला. परदेशी कंपनी इथे क्लस्टर करायला आली नाही, होतं म्हणून आली.

तळेगावच्या त्या प्लांटचं पुढे काय झालं तेही बघा, फॉरेन इन्व्हेस्टमेंट पॉलिसी म्हणजे काय ते त्यातून कळतं. चीनची ग्रेट वॉल घेणार होती, २०२० च्या सुरुवातीला ठरलं, एप्रिल २०२० मध्ये केंद्राने नियम काढला की सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी लागेल, सौदा दोन वर्षं लटकला आणि मेला, मग २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला. नियम बरोबर की चूक यात मी पडत नाही, देशाच्या सुरक्षेचा विषय आहे. पण इलेक्ट्रॉनिक्समध्ये छोटे कनेक्टर, कॅमेरा मॉड्यूल, बॅटरीचे सेल यांचे बरेचसे कारागीर चीनमधलेच आहेत हो, ते जॉइंट व्हेंचरमध्ये आले नाहीत तर शिकवणार कोण, हा प्रश्न राहतोच.

पूर्वी सरकारकडे एक दांडका होता, लोकल कंटेंटचा. मारुती-सुझुकीच्या वेळी तेच केलं, टप्प्याटप्प्याने भाग इथे बनवा, आणि मारुतीने व्हेंडरांमध्ये स्वतः भागीदारी घेऊन ते करवून घेतलं. १९९७ मध्ये परदेशी कार कंपन्यांकडून लिहून घेतलं की ३ वर्षांत ५० टक्के आणि ५ वर्षांत ७० टक्के माल भारतातला. अमेरिका आणि युरोप डब्ल्यूटीओत गेले, आपण हरलो, ती अट गेली. तेव्हापासून सक्ती करता येत नाही, लालूच दाखवता येते किंवा मोठी कंपनी आणि छोटे व्हेंडर यांच्यात पूल बांधता येतो. लालूच महाग पडते. मायक्रॉनचं साणंद बघा, प्रकल्प २.७५ अब्ज डॉलरचा, त्यात कंपनीचे जास्तीत जास्त ८२.५ कोटी डॉलर, बाकी सरकारचे, एकूण प्रकल्पाच्या ५० टक्के केंद्र आणि २० टक्के गुजरात. थेट नोकऱ्या ५०००. भागाकार करा, सरकारी पैसा माणशी तीन कोटी रुपयांच्या वर जातो. हे चूकच आहे असं मी म्हणत नाही, पहिला गिऱ्हाईक आणायला दुकानदार तोटा खातोच, पण मग त्या पैशात साणंदच्या आसपास किती वर्कशॉप उभी राहिली हे मोजणारा माणूस नेमा. काम पिनांगचंच आहे, असेंब्ली-टेस्ट, त्यामुळे तिथे फिक्स्चर, ट्रे, टेस्ट सॉकेट सगळं लागणार.

वेदांत-फॉक्सकॉनबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये १.५४ लाख कोटींचा आकडा जाहीर झाला, आपल्याकडे छाती बडवली, जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडलं. दोघांपैकी चिप बनवण्याचा फारसा अनुभव एकालाही नव्हता, टेक्नॉलॉजी देणारा भागीदार पक्का नव्हता. ते तळेगावला आलं असतं तर तळेगावला फसलं असतं. धोलेऱ्याच्या टाटांच्या फॅबमागे निदान तैवानची चिप बनवणारी पीएसएमसी आहे, ते वेगळं.

महाराष्ट्राची सबसिडी कमी आहे असं नाही, पीएसआय ही राज्याची प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे, पण तिचा मोठा भाग भरलेल्या जीएसटीतून वर्षानुवर्षं थोडा थोडा परत मिळणारा. मोठ्या कंपनीला चालतं. छोट्याचं काय होतं ते सांगतो, आमच्या एका व्हेंडरने ती मिळणार हे धरून बँकेचं गणित केलं होतं, एका कार्यालयात त्याची फाइल तीन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर, दर वेळी नवीन त्रुटी, पैसे आले तोपर्यंत त्याने एक मशीन विकलेलं होतं. त्यात मोठ्या कंपन्यांचं पेमेंट ९० दिवसांनी, आता छोट्यांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा इन्कम टॅक्सचा नियम आला तर काहींनी ऑर्डरच मोठ्या व्हेंडरकडे वळवल्या. वर वीज. पाऊस आला की फीडर ट्रिप, प्रिसिजन ग्राइंडिंगमध्ये व्होल्टेजचा एक डिप म्हणजे अख्खा जॉब स्क्रॅप. आणि चाकणच्या चौकात दीड तास. आणि हो, स्क्रॅपचं कॉन्ट्रॅक्ट कुणाला द्यायचं हे गेटवर येऊन सांगणारे. बाहेरून आलेला कोरियन किंवा जर्मन मॅनेजर परत जाऊन प्रेझेंटेशनमध्ये हे लिहीत नाही, पण पुढचा प्लांट कुठे टाकायचा हे ठरवताना त्याला आठवतं.

राहिला तुमचा रांजणगावचा प्रश्न. २०२२ मध्ये मंजूर झालेलं ते इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर साधारण २९७ एकर, ४९२ कोटींचं, त्यातले २०८ कोटींच्या आसपास केंद्राचे, आणि शेजारी एलजी, व्हर्लपूल आधीपासून आहेत. जागा वाईट नाही. पण ४ व्हीएमसीवाल्याने आधी प्लॉट घेऊ नये. प्लॉट घेतलात की बांधकामाची मुदत, कर्ज, आणि मग कोणतंही काम घ्यावंच लागतं, तिथेच माणूस जॉबवर्कवाला होऊन अडकतो. भोसरीतच राहा. एसएमटी लाइनला (सर्किट बोर्डवर पार्ट बसवणारी लाइन) सोल्डर पॅलेट, बोर्ड तपासायचं आयसीटी फिक्स्चर, असेंब्ली जिग, ट्रे हे सगळं लागतं आणि ते दर मॉडेलला बदलतं, आज त्यातलं बरंच बाहेरून येतं. तुमच्या मशीनवर ते होतं, नवीन लागेल ते ड्युरोस्टोनसारखं उष्णता सोसणारं मटेरियल कापायची सवय (धूळ भयंकर, सक्शन लावा नाहीतर स्पिंडल जाईल आणि तुमची फुप्फुसंही) आणि इलेक्ट्रॉनिक्स समजणारा एक पोरगा. तो पोरगा एखाद्या ईएमएस कंपनीच्या (दुसऱ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक्स बनवून देणाऱ्या) मेंटेनन्समधून आलेला शोधा, पगार थोडा जास्त द्या. टेस्टिंग, मोजमाप लागलं तर चिंचवडचं ऑटो क्लस्टर आहे, बऱ्याच लोकांना तो फक्त एक्झिबिशनचा हॉल वाटतो पण आत लॅब आहे. केंद्राने २०२५ मध्ये सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची योजना काढली, त्यात तुम्ही थेट बसणार नाही, तुमचे गिऱ्हाईक बसतील, ते कोण कोण आहेत त्याची यादी काढून त्यांच्या प्रॉडक्शन इंजिनीअरला गाठा. परचेसवाल्याला नको, तो फक्त रेट विचारेल. पहिलं फिक्स्चर तोट्यात गेलं तरी चालेल, पण ते लाइनवर लागताना स्वतः जाऊन उभे राहा आणि कुठे अडकतंय ते बघा. तीन वेगळे गिऱ्हाईक झाले आणि एकाचाही वाटा निम्म्याच्या वर नाही, अशी वेळ आली की मग प्लॉटचा फॉर्म भरा, तेव्हा मला मेसेज करा, लेआउट बघून देतो.